ईसीयू रीमॅप: आधी इंजिन, मग लॅपटॉप

ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक. त्यातला इंधन आणि इग्निशनच्या आकड्यांचा तक्ता म्हणजे मॅप, आणि तो बदलणं म्हणजे रीमॅप. आजारी इंजिनावर नवा मॅप चढवू नका. ओबीडी स्कॅनर (गाडीतले दोष वाचणारं यंत्र) लावून फॉल्ट कोड बघा. फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधनात स्वतःहून करत असलेली दुरुस्ती) ±१० टक्क्यांबाहेर असेल तर हवेची गळती, एअरफ्लो सेन्सर, इंजेक्टर तपासा. नाहीतर नवा मॅप चुकीच्या आकड्यांवरच बसेल.

मूळ फाइल वाचून दोन ठिकाणी जपा. फ्लॅश करताना, म्हणजे नवी फाइल ईसीयूत लिहिताना, बॅटरीला स्थिर व्होल्टेज देणारा सप्लाय जोडा. मध्येच व्होल्टेज पडलं तर ईसीयू बंद पडू शकतो.

पेट्रोल इंजिनात क्रूझिंगला (एकसारख्या वेगात) लॅम्डा १ च ठेवा, म्हणजे हवा आणि पेट्रोल अचूक प्रमाणात, कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याच मिश्रणावर नीट चालतो. पूर्ण लोडला, विशेषतः टर्बो असेल तर, मिश्रण समृद्ध, म्हणजे जास्त पेट्रोलचं हवं. इग्निशन एकेक अंशाने पुढे न्या, म्हणजे ठिणगी थोडी लवकर पडू द्या, आणि दर वेळी लॉगमध्ये नॉक (मिश्रणाचा अनियंत्रित स्फोट) बघा. ईसीयू टायमिंग मागे खेचू लागला की दोन अंश परत या. इथे लोभ केला तर पिस्टन जातो.

टर्बोत बूस्ट (हवेचा दाब) वाढवून ताकद खूप मिळते. बिनटर्बो साध्या इंजिनात फरक थोडाच, आणि मायलेजचा त्याहून थोडा. तिथे टायरची हवा आणि हलका पाय जास्त कामाला येतात.