मेश वायफाय लावलं, तरी रडगाणं तेच? या चुका टाळा

तीन डब्यांचा मेश संच (घरभर एकच वायफाय पसरवणारे, एकमेकांशी जोडलेले डबे) आणला, फायबरवाल्याच्या राउटरला जोडला, अ‍ॅपमध्ये सगळं हिरवं दिसतंय. तरी आतल्या खोलीतला टीव्ही अडखळतोच, आणि काल चालणारा प्रिंटर आज सापडत नाही. अशा वेळी डबा सदोष असण्यापेक्षा जोडणी चुकलेली असण्याची शक्यता जास्त.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे एका घरात दोन कारभारी ठेवणं. फायबरवाला जो डबा भिंतीवर ठोकून जातो, तो बहुतेक घरांत राउटरही असतो. मेशचा मुख्य डबाही खोक्यातून निघतो तो राउटर म्हणूनच. मग दोघंही आपापले आयपी पत्ते (नेटवर्कवर प्रत्येक उपकरणाला मिळणारा नंबर) वाटत बसतात. मोबाइलच्या वायफाय सेटिंगमध्ये आयपी बघा. मोबाइल डेकोवर (टीपी-लिंकचा मेश) असेल तर १९२.१६८.६८.२३ असं काहीतरी दिसेल. प्रिंटर मात्र जुन्याच वायफायवर १९२.१६८.१.१५ घेऊन बसलेला, म्हणजे वेगळ्याच नेटवर्कवर. यूट्यूब, व्हॉट्सअ‍ॅप व्यवस्थित चालतं, म्हणून शंकाही येत नाही. अडतं ते प्रिंटर, टीव्हीवर कास्ट करणं, ऑनलाइन गेम आणि बाहेरून सीसीटीव्ही बघणं.

उपाय सोपा आहे: मेश अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका. डेकोच्या अ‍ॅपमध्ये हा पर्याय अ‍ॅडव्हान्स्डमधल्या ऑपरेशन मोडमध्ये सापडतो. पत्ते वाटायचं काम मग जुन्या डब्याकडेच राहतं. मुलांच्या मोबाइलवर वेळेची बंधनं वगैरे सोयी मात्र या मोडमध्ये बऱ्याचदा बंद पडतात. त्या हव्याच असतील तर उलट करा, फायबरवाल्याचा डबा ब्रिज मोडवर टाकून घ्या, म्हणजे तो राउटरचं काम सोडून नेट नुसतं पुढे देतो. हे स्वतः करू नका, फायबरवाल्याकडूनच करून घ्या. त्याच्याकडचा पीपीपीओई (नेटचं लॉगिन) आयडी, पासवर्ड, कधी व्हीलॅन नंबरही (त्याच्या लाइनची सेटिंग) लागतो, आणि त्याच डब्यावरची लँडलाइन किंवा सेट-टॉप बॉक्स गप्प होऊ शकतो. गुगलचा मेश असेल तर मात्र हा दुसरा मार्गच धरावा लागतो, कारण त्याचा स्वतःचा ब्रिज मोड (गुगलकडे अ‍ॅक्सेस पॉइंट मोडचं हेच नाव) एकटा डबा असेल तरच चालतो.

मेश सुरू झाला की जुन्या डब्याचं वायफाय बंद करा. मोबाइलला जुनी ओळख सुटत नाही. मेशचा डबा शेजारी असताना मोबाइल हॉलमधल्या जुन्या डब्याची एक काडी रेंज धरून बसतो. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ वर किंवा डब्याखालच्या स्टिकरवरच्या पत्त्यावर लॉगिन करून बंद करता येतं. नंतर मेशला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, म्हणजे घरातली बहुतेक उपकरणं आपोआप जोडली जातील. स्मार्ट प्लग किंवा कॅमेरा अडलाच, तर वायफायचा २.४ गीगाहर्ट्झ बँड चालू आहे का आणि सुरक्षा फक्त नव्या डब्ल्यूपीए३ पद्धतीवरच अडकलेली नाही ना, ते बघा.

जिथे रेंज नाही तिथेच नेमका डबा ठेवणं, हीही चूक अगदी घरोघरी. त्या डब्यालाही सिग्नल कुठून तरी मिळायला हवा! तो अर्ध्या वाटेवर, जिथे रेंज अजून बरी आहे तिथे ठेवा. सळ्यांचा स्लॅब ५ गीगाहर्ट्झला फारसा जाऊ देत नाही, म्हणून दुमजली घरात जिन्याजवळची जागा धरा. टीव्हीमागे, माळ्यावर, लोखंडी कपाटाआड नको.

शक्य असेल तर डबे केबलनेच जोडा. दोन बँडच्या (२.४ आणि ५ गीगाहर्ट्झ) मेशमध्ये हवेतून एक उडी घेतली की वेग साधारण निम्म्यावर येतो. केबल टाकूनही वेग ९०-९५ एमबीपीएसच्या पुढे सरकत नसेल, तर जॅक उघडून बघा. वायरमनने आठऐवजी चारच तारा जॅकमध्ये क्रिम्प केल्या (दाबून बसवल्या) असतील, तर १०० च्या वर जाणं शक्यच नाही. तारा बरोबर असतील तर डब्याचा पोर्टच १०० चा आहे का, ते तपासा.

तक्रार करण्याआधी लॅपटॉप थेट फायबरच्या डब्याला केबलने लावून वेग मोजा. तिथेच कमी आला, तर मेश काय करणार? फायबरच्या डब्यावरचा LOS म्हणजे सिग्नल तुटल्याचा दिवा लाल असेल तर फायबरवाल्यालाच फोन. आणि वीज गेल्यावर नेट चालू हवं असेल, तर इन्व्हर्टरवर फक्त फायबरचा डबा नको, मेशचे डबेही हवेत.