डीलुकअपवर चालणारा चेकबॉक्स टिक दाखवत नसेल तर

मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅमच्या फॉर्मवर सभासद निवडला की शेजारच्या चेकबॉक्सनं दुसऱ्या टेबलमध्ये बघून (हे बघण्याचं काम डीलुकअप हे फंक्शन करतं) आपली आपण टिक दाखवावी, एवढंच काम असतं. पण तो करडा पडतो, नाहीतर आधीच्या सभासदाचीच टिक धरून बसतो, नाहीतर कितीही क्लिक केलं तरी ढिम्म हलत नाही. या तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि कारणंही वेगळी. माझ्याकडे येणारे फॉर्म मात्र बहुधा एकाच उपायानं बेजार झालेले असतात: कुणीतरी सूत्रातली अवतरणचिन्हं इकडून तिकडे हलवत बसलेलं असतं.

मी पहिल्यांदा चेकबॉक्सकडे बघतच नाही. त्याच्या शेजारी एक तात्पुरता टेक्स्ट बॉक्स ठेवतो आणि चेकबॉक्सच्या कंट्रोल सोर्समधलं (त्याची किंमत कुठून घ्यायची ते सांगणारी प्रॉपर्टी) सूत्र जसंच्या तसं त्यात चिकटवतो. चेकबॉक्सला चूक शब्दांत सांगता येत नाही, टेक्स्ट बॉक्सला येते. तिथं -१ (म्हणजे टिक), ० (टिक नाही), कोरी जागा, #एरर किंवा #नेम? यांपैकी काय दिसतं त्यावर पुढची दिशा ठरते.

उदाहरणासाठी 'पावत्या' हा फॉर्म घेऊ, आणि 'सभासद' या टेबलमधलं 'सवलत' हे येस/नो फील्ड. सूत्र असं असतं (फंक्शनांची नावं इथं देवनागरीत आहेत, टाइप करताना मूळ रोमन स्पेलिंगच घ्यायचं):

=डीलुकअप("[सवलत]", "सभासद", "[सभासदक्र]=" & [सभासदक्र])

टेक्स्ट बॉक्स कोरा आला तर उत्तर नल आहे, म्हणजे किंमतच नाही, आणि चेकबॉक्स करडा दिसण्याचं नेहमीचं कारण तेच. ट्रिपल स्टेट ही प्रॉपर्टी 'नो' असली तरी नल आला की तो करडाच दिसतो. ती प्रॉपर्टी फक्त क्लिक केल्यावर किती अवस्था फिरतील ते ठरवते. आता एक उपयोगी गोष्ट लक्षात ठेवा: ॲक्सेसच्या स्वतःच्या टेबलमधल्या येस/नो फील्डमध्ये नल साठवताच येत नाही, तिथं -१ किंवा ०च असतं. त्यामुळे नल आला याचा अर्थ 'सवलत नाही' असा नसून 'या क्रमांकाची ओळच सापडली नाही' असा आहे. शोध तिकडे घ्यायचा.

ओळ न सापडण्यामागे बहुतेक वेळा कॉम्बो बॉक्स, म्हणजे सभासद निवडायची उघडणारी यादी, असतो. दिसतं नाव, पण बाउंड कॉलममध्ये (यादीतल्या ज्या कॉलमची किंमत खरी धरली जाते त्यात) असतो क्रमांक. कधी त्याच्या उलट. टेबलमध्येच लुकअप फील्ड केलं असेल तर गोंधळ आणखी वाढतो, कारण टेबल उघडलं तरी नावच दिसतं आणि आत क्रमांक लपलेला असतो. (टेबलमधली लुकअप फील्डं मी दिसली की काढतो. फॉर्मवर कॉम्बो असताना त्यांची गरज नसते.) खात्री करायला कंट्रोल-जी दाबून इमिजिएट विंडो, म्हणजे सूत्र लिहून लगेच उत्तर बघायची खिडकी, उघडा, प्रश्नचिन्ह टाकून पूर्ण डीलुकअप लिहा आणि क्रमांक हातानं द्या. तिथं -१ आलं आणि फॉर्मवर नल, तर लुकअप ठीक आहे. फॉर्म त्याला भलतीच किंमत देतोय.

नलवर एनझेडचं (नलच्या जागी आपण दिलेली किंमत ठेवणारं फंक्शन) पांघरूण घालणं सगळ्यांना माहीत असतं: एनझेड(डीलुकअप(...), फॉल्स). पण ते शेवटी घाला. आधीच घातलंत तर न सापडलेला सभासद आणि सवलत नसलेला सभासद सारखेच दिसतील आणि खरी चूक दडून बसेल. आणि 'अशी नोंद आहे का' एवढाच प्रश्न असेल तर डीलुकअप कशाला? नोंदी मोजणारं डीकाउंट पुरतं. डीकाउंट(...) > ० लिहा. त्याचं उत्तर कधीच नल येत नाही.

टेक्स्ट बॉक्समध्ये #नेम? आलं तर बहुधा अवतरणांच्या बाहेरचं नाव चुकलेलं असतं, म्हणजे फॉर्मवर तसं फील्ड किंवा कंट्रोल नाही. #एरर आलं तर आतलं बघा. तेच सूत्र इमिजिएट विंडोत चालवलं की आकडा मिळतो आणि शोध बराच आटोपतो: ३०७८ म्हणजे टेबलचं नाव सापडत नाही, २४७१ म्हणजे बहुधा फील्डचं नाव चुकलं, ३४६४ म्हणजे निकषातला (सूत्रातल्या शोधायच्या अटीतला) डेटाचा प्रकार जुळत नाही, उदाहरणार्थ क्रमांकाच्या फील्डला अवतरणात मजकूर दिला. मजकुराला एकेरी अवतरण लागतं, तारखेला दोन्ही बाजूंनी हॅश, आणि तारीख महिना आधी या क्रमानं. नावावरून शोधत असाल तर डि'सोझा आला की एकेरी अवतरण मध्येच तुटतं. रिप्लेस वापरून तिथं एकाऐवजी दोन एकेरी चिन्हं करता येतात, पण नावावरून शोधूच नका, क्रमांकावरून शोधा.

३०७५ वेगळा सांगतो, कारण तो बहुधा नव्या रेकॉर्डवर दिसतो आणि म्हणून लोकांना भुताटकी वाटते. नव्या पावतीवर सभासद अजून निवडलेला नाही, सभासदक्र नल आहे, आणि जोडून तयार झालेला निकष "[सभासदक्र]=" एवढाच उरतो. बरोबरच्या चिन्हानंतर काहीच नाही. उपाय आतल्या बाजूला एनझेड लावण्याचा:

"[सभासदक्र]=" & एनझेड([सभासदक्र], ०)

हाच नल व्हीबीएमध्ये (ॲक्सेसच्या कोडच्या भाषेत) बूलियन, म्हणजे फक्त खरं-खोटं ठेवणाऱ्या, व्हेरिएबलमध्ये टाकायला गेलात की ९४ नंबरची एरर येते.

सूत्र बरोबर असूनही #एरर येतच असेल तर कंट्रोलचं नाव बघा. फील्ड लिस्टमधून ओढून आणलेल्या चेकबॉक्सला फील्डचंच नाव मिळतं. पुढे कंट्रोल सोर्समध्ये सूत्र घातलं की नाव आणि फील्ड एकमेकांच्या पायात येतात. नाव बदलून 'चेकसवलत' करा. काम एका मिनिटाचं आहे, शोधायलाच वेळ जातो.

टिक दिसते पण मागच्या सभासदाची, ही दुसरी तक्रार. डीलुकअप टेबलमध्ये साठवलेलं वाचतो. फॉर्मवर टाइप केलेलं पण अजून सेव्ह न झालेलं त्याला दिसत नाही. सभासदाची माहिती दुसऱ्या फॉर्मवर बदलली असेल तर तिथं आधी मी.डर्टी = फॉल्स करून रेकॉर्ड सेव्ह करा, मग पावतीच्या फॉर्मवर मी.रीकॅल्क चालवून सूत्र पुन्हा मोजून घ्या. हातानं तपासायचं तर एफ-नऊ दाबा. त्यानं टिक सुधारली तर सूत्र निर्दोष आहे, फक्त वेळेवर मोजलं जात नाही. आणि किंमत व्हीबीएतून भरत असाल तर कॉम्बोच्या आफ्टर अपडेटमध्येच (निवड बदलल्यावर होणारा इव्हेंट) लिहून थांबू नका. रेकॉर्ड पुढेमागे केलं की आफ्टर अपडेट होत नाही, फॉर्मचा करंट हा इव्हेंट होतो. दोन्हीकडून एकच प्रोसीजर बोलवा.

क्लिक केलं तरी न हलणारा चेकबॉक्स बिघडलेला नसतो. कंट्रोल सोर्स बरोबरच्या चिन्हानं सुरू झाला की तो कॅल्क्युलेटेड कंट्रोल होतो आणि त्यात बदल करता येत नाही. खालच्या स्टेटस बारवर तसा संदेशही येतो, पण तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. इथं प्रश्न वेगळाच विचारायला हवा: ती टिक आजची हवी की पावती फाडली त्या दिवसाची? आजची हवी असेल तर सूत्र ठीक आहे. त्या दिवसाची हवी असेल तर सूत्र मुळातच चूक आहे, कारण सभासदाची सवलत उद्या बंद केली की जुन्या सगळ्या पावत्यांवरची टिकही निघून जाईल. पावत्यांच्या टेबलमध्ये वेगळं येस/नो फील्ड करा, चेकबॉक्स त्याला बांधा आणि आफ्टर अपडेटमध्ये डीलुकअपचं उत्तर एनझेडसकट त्यात भरा. मग गरज पडली तर हातानंही बदलता येतं.

व्हीबीएत टिक आहे का ते तपासताना = १ लिहू नका. ट्रू म्हणजे -१, त्यामुळे ती अट कधीच खरी ठरत नाही. <> ० लिहा.

कंटिन्युअस फॉर्मवर (एकाखाली एक अनेक रेकॉर्ड दाखवणाऱ्या) अनबाउंड, म्हणजे कुठल्याच फील्डला न बांधलेला, चेकबॉक्स ठेवून कोडनं भरला की सगळ्या ओळींवर एकदम टिक पडते. तो एकच कंट्रोल आहे, ओळीओळीला नुसता रंगवलेला. सूत्रातला डीलुकअप ओळीगणिक बरोबर उत्तर देतो, पण प्रत्येक ओळीसाठी टेबल धुंडाळतो आणि स्क्रोल करताना फॉर्म अडखळतो. अशा ठिकाणी मी डीलुकअप सरळ काढून टाकतो आणि फॉर्मच्या रेकॉर्ड सोर्समध्ये क्वेरी देतो: पावत्या डावीकडे, सभासद लेफ्ट जॉइनने जोडलेले. इनर जॉइन केलात तर सभासद न निवडलेल्या पावत्या यादीतून गायब होतील.

यात एक धोका आहे. क्वेरीतून आलेला चेकबॉक्स बहुधा जिवंत असतो. पावतीवर कुणी सहज क्लिक केलं तर थेट सभासदाच्या मूळ नोंदीत बदल होतो. म्हणून चेकबॉक्सची लॉक्ड ही प्रॉपर्टी 'येस' करा. एनेबल्डही 'नो' करायचं असेल तर दोन्ही एकत्र करा. नुसतं एनेबल्ड 'नो' केलं आणि लॉक्ड 'नो' राहिलं, की चेकबॉक्स फिका पडतो, आणि तो नल आहे की बंद ठेवलाय हे बघणाऱ्याला कळत नाही. दोन्ही मिळून केलं तर तो नेहमीसारखा स्वच्छ दिसतो, फक्त त्यावर कर्सर जात नाही.