मुक्काम कोरडा, वाट ओली : ओव्हरलँड ट्रॅकची तयारी

ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावरचा ओव्हरलँड ट्रॅक म्हणजे क्रेडल माउंटनपासून दक्षिणेला लेक सेंट क्लेअरपर्यंतची साधारण 65 किलोमीटरची चाल. गाइडबरोबर गेलात तर तंबू पाठीवर नसतो. रात्री खासगी हटमध्ये गादी, गरम पाण्याची अंघोळ आणि आयतं जेवण. हे ऐकलं की आपल्याला वाटतं, मग तयारी ती काय करायची? तिथेच फसगत होते. हट संध्याकाळची, दिवसभर तुम्ही आणि पाऊस.

तारीख आधी पक्की करा. ऑक्टोबर ते मे या हंगामात चालायला आधी बुकिंग लागतं, आणि या काळात वाट उत्तरेकडून दक्षिणेलाच चालायची. डिसेंबर-जानेवारी हा उन्हाळा, पण बर्फ तेव्हाही पडू शकतो. मला विचाराल तर एप्रिलचा शेवट : फॅगस नावाचं तिथलं पानझडी झाड तेव्हा पिवळं-केशरी होतं. थंडी मात्र सोसावी लागते.

बूट निदान दोन महिने आधी घ्या आणि पायात मुरवा. पुण्याचे असाल तर शनिवारी पाठीवर आठ किलो घेऊन सिंहगड करा आणि रविवारी पुन्हा तोच करा. एकदा चढणं सगळ्यांनाच जमतं. दुखऱ्या पोटऱ्या घेऊन दुसऱ्या दिवशी निघणं ही खरी परीक्षा. पहिल्याच दिवशी मॅरियन्स लुकआउटचा उभा चढ आहे, साखळी धरून चढायचा. वाटेत ऐच्छिक माउंट ओसाही आहे, 1617 मीटर, टास्मानियातलं सर्वांत उंच शिखर.

सरावानंतर मात्र बूट धुवा, आणि नीट धुवा. टूथब्रश आणि सेफ्टी पिन घेऊन बसा, सोलच्या खाचांतली सह्याद्रीची माती कणाकणाने काढा. झाडांची मुळं कुजवणारा रोग तिथे अशा मातीतून पसरतो, शिवाय ऑस्ट्रेलियात उतरताना मातीत वापरलेले बूट आणि खाण्याचे पदार्थ फॉर्मवर लिहावेच लागतात. टास्मानियात ताजी फळंही नेता येत नाहीत. केळं विमानातच संपवा.

आता कपडे. जीन्स घरी, सुती टी-शर्टही घरी. सुती कापड भिजलं की अंगावर गारठतं. मेरिनो लोकरीचे किंवा सिंथेटिक थर, वर फ्लीस, त्यावर खरंच पाणी अडवणारं जॅकेट. आपला पावसाळी रेनकोट खांद्याच्या शिवणीत गळतो. बॅग आणि जॅकेट आयोजक देतात का, ते आधी विचारा. मी न विचारता दोन्ही विकत घेऊन बसलो होतो. कपडे दोनच जोड : एक चालायचा, एक हटमधला. हटमधला जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बॅगेच्या तळाशी. चालायचा जोड रात्री वाळत टाका, पण सकाळी ओलसर असला तरी दात खाऊन तोच चढवा. कोरडा जोड वाटेवर भिजला, की संध्याकाळी घालायला काहीच उरत नाही. बॅगेच्या आतून कचऱ्याची मोठी, जाड पिशवी लावा. नुसतं रेनकव्हर पुरत नाही.

गेटर, म्हणजे बुटावरून पोटरीपर्यंत चढवायचं आवरण, घ्याच. चिखल आणि जळवा अडतात. शिवाय टास्मानियात सापांच्या जाती तीनच, पण तिन्ही विषारी. साप चावल्यास बांधायचं क्रेप बँडेज गाइडकडे असतंच, तरी एक आपलं असावं. फोडांची पट्टी, रोजच्या गोळ्या, सनस्क्रीन. प्रवास विम्यात हेलिकॉप्टरने सुटका धरली आहे का, हे बारीक अक्षरांत शोधा.

जेवणाबद्दल आधीच लिहून कळवा. ‘व्हेज’ एवढंच लिहू नका; अंडं चालतं की नाही, मासे चालतात की नाही, सगळं लिहा. खाऊ न्या, पण बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात नको. तिथे करावाँग म्हणून पिवळ्या डोळ्यांचा काळा पक्षी आहे. मी फोटो काढत होतो तेवढ्यात त्याने चोचीने चेन ओढली, शेंगदाण्याची चिक्की काढली आणि फांदीवर जाऊन कागद सोलत बसला. चेनींना छोटे हुक लावा.

हटमधली वीज सौर, पाणी छपरावरून साठवलेलं, संडास कंपोस्टचे; मैला हेलिकॉप्टरने बाहेर न्यावा लागतो. म्हणून वेट वाइप्स नकोत आणि अंघोळ झटपट. हेअर ड्रायरची चौकशी करणारे मी पाहिलेत! फोनला रेंज बहुतेक नाहीच, तेव्हा घरी सांगून निघा. नाहीतर आई तिसऱ्या दिवशी दूतावासाला फोन लावेल.

शेवटच्या दिवशी लेक सेंट क्लेअरच्या उत्तर टोकाच्या नार्सिससहून बोटीने तलाव ओलांडायचा. चाल संपली म्हणून कानटोपी आणि हातमोजे बॅगेत खोल कोंबू नका. बोटीवर वारा झोंबतो.