सुट्टीवर निघताय? आधी डबे परत करा

ख्रिस्ती मिशनच्या कामासाठी नागपुरात राहणारी आणि उन्हाळ्यात दोन-अडीच महिने गावी जाणारी आमच्यासारखी बरीच कुटुंबं आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितेय. मागच्या खेपेला आम्ही सगळं रीतसर केलं आणि एका गोष्टीत माती खाल्ली.

तिकीट सगळ्यात आधी. आरक्षण आता 120 नाही, 60 दिवस आधी उघडतं, हे नोव्हेंबर 2024 पासूनचं. आमच्यासारखं नगरला जायचं असेल तर महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट नेते, पण मे महिन्यात हातावर हात ठेवून बसलात तर वेटिंगच. बॅगा भरायला मी शिकवत नाही.

आता निरोप. रविवारी उपासनेनंतर उभं राहून दोन शब्द बोललात म्हणजे निरोप झाला असं समजू नका. नर्सबाया ड्युटीवर असतात, म्हाताऱ्या माणसांना त्या उन्हात येववत नाही, आणि जे आले नाहीत त्यांनाच नेमकं वाईट वाटतं. घरोघरी जावंच लागतं. पंधरा दिवस आधी सुरुवात करा, तेही संध्याकाळी सहानंतर. पारा 45 कडे सरकत असताना दुपारी कोणाचं दार वाजवू नका, कूलरसमोर नुकता डोळा लागलेला असतो. एका संध्याकाळी तीनच घरं घ्या. कारण प्रत्येक घरी प्रार्थना, प्रत्येक घरी चहा, आणि निघताना प्रत्येक घरातून हातात एक डबा.

तो डबा. मी हे सगळं त्याच्यासाठीच लिहितेय.

मागच्या वर्षी शेवटच्या चार दिवसांत सात डबे आले. खाल्लं, घासले, निथळायला फ्रिजवर उपडे घातले आणि घराला कुलूप लावून नगरला गेलो. सात घरांचे डबे अडीच महिने कुलपात! सहा घरं काही बोलली नाहीत. सातवा डबा इथल्याच इंदोरा भागातल्या आजींचा होता, सांबारवडीचा. (सांबार म्हणजे इथे कोथिंबीर, पहिल्या वर्षी मी बाजारात डाळीचं सांबार समजून बसले होते.) उभट स्टीलचा, एका बाजूला पोचा आलेला, झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं त्यांच्या यजमानांचं नाव. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. आजी दोनदा आमच्या फाटकापर्यंत येऊन कुलूप बघून परत गेल्या, हे जुलैत शेजारणीकडून कळलं. डबा घेऊन धावत गेले तर म्हणाल्या, "डब्याचं काय एवढं जी?" आणि पदराने झाकणावरचं ते नाव पुसत बसल्या.

म्हणून: डबा आला की त्याच रात्री रिकामा करा, घासा, आत नावाची चिठ्ठी टाका आणि दाराजवळ ठेवा. फ्रिजवर नाही. दाराजवळ! दुसऱ्या दिवशी ज्या दिशेला जाणार असाल तिकडचे डबे सोबत घ्या. शेवटचे तीन दिवस तर कोणाचा डबा घेऊच नका, आपलाच पिशवीत घालून न्या आणि त्यात काढून घ्या. हसतील, हसू द्या. आणि डबा रिकामा परत करायचा नसतो हे तुम्हाला ठाऊक आहेच, पण निघायच्या आठवड्यात स्वयंपाकघर आवरत आणलेलं असतं आणि घालायला काही उरत नाही. किलोभर साखर मुद्दाम मागे ठेवा.

कामाची सोपवणी लेखी करा. अर्पणाचा हिशोब सही घेऊन द्या, तोंडी अजिबात नाही. चाव्या एकाच माणसाकडे. आजाऱ्यांना भेटायला कोण जाणार, ते नावानिशी ठरवा, "बघू आपण सगळे" म्हणजे कोणीच जात नाही. मुलांनाही त्यांच्या मित्रांकडे एक संध्याकाळ द्या.

गावची मंडळी कामाचा अहवाल मागणारच, तेव्हा चार फोटो वेगळे काढून ठेवा. सुट्टी म्हणायची एवढंच. ज्यांच्या नावाचं कॉलेज इथे 1883 पासून आहे ते स्कॉटिश मिशनरी हिस्लॉप साहेब 1845 मध्ये नागपुरात आले, तेव्हा स्कॉटलंडला जायचं म्हणजे बोटीचा प्रवास. आपल्याला एक रात्र गाडीत काढायची तर आपण कुरकुरतो.

गावी न्यायला संत्रा बर्फी. संत्र्यांचा मृग बहार तोवर संपलेला असतो, उगाच बाजारात शोधत फिरू नका.

कूलरची टाकी उपसून कोरडी करा, नाहीतर डेंग्यूचे डास पोसाल. गॅस, दूध, पेपर बंद. औषधं हातातल्या पिशवीत. पाणी भरपूर. कोणाचा डबा राहिला नाही ना, एकदा आठवून बघा. रिक्षा आली की मुलांना आधी बसवा, आणि कुलूप लावण्यापूर्वी आत जाऊन फ्रिजवर बघून या.