मोठा मासा दरवेळी लाईन तोडून जातो? तंगूस निवडताना या चुका टाळा

पाऊस ओसरून पाणी जरा निवळलं की उल्हास, काळू, भातसा, इकडे पनवेल-रसायनीकडे पाताळगंगा, सगळ्या नद्यांच्या काठांवर रविवारी रॉड दिसायला लागतात, आणि दुपारपर्यंत कुठून ना कुठून तेच वाक्य कानावर येतं, "मोठा होता रे, तोडून गेला." पुढच्या रविवारच्या आत तो माणूस दुकानात जाऊन दुप्पट जाड तंगूस, म्हणजे नायलॉनची एकेरी लाईन, घेऊन येतो. गडबड इथेच होते. लाईन का तुटली हे न बघता नुसती जाडी वाढवली तर पुढचा मासाही बहुतेक वेळा तसाच जाणार, कारण बरेचदा लाईनची ताकद पुरेशी असते, घात करते ती गाठ, नाहीतर दगड, नाहीतर आवळून ठेवलेला ड्रॅग (रीलचा ब्रेक, ओढ वाढली की लाईन सोडणारा).

तुटलेलं टोक आधी बघा

चिडून लगेच नवा गळ बांधायला घेऊ नका. टोक नखावर घेऊन उजेडात बघा. डुकराच्या शेपटीसारखी वेटोळी आली असतील तर गाठ सरकून सुटलीय, लाईन तुटलेलीच नाही. शेवटचा हात-दीड हात खरखरीत आणि पांढरट लागत असेल तर दगडावर नाहीतर बुडालेल्या खोडावर घासलीय. टोकाजवळ तंगूस ताणून बारीक झालेला असेल तर खरोखर जास्त जोर पडला, म्हणजे ड्रॅग घट्ट होता. आणि गळच सरळ होऊन परत आला असेल किंवा स्विव्हलचा (लाईन आणि गळ जोडणारी फिरती कडी) हूक उघडला असेल तर लाईनला दोष देऊच नका, स्वस्तातलं स्विव्हल वीस पौंडाच्या लाईनवर लावलं तर सगळी जोडणी त्या स्विव्हलच्याच ताकदीची होते. ब्रेडेड (बारीक धागे विणून केलेली लाईन) असेल तर टोकाला कापसासारखे धागे सुटलेत का बघायचं, सुटले असतील तर ती घासलेली आहे.

दहा किलोचा मासा म्हणजे दहा किलोची लाईन, हे गणित सोडा

पाण्यात माशाचं वजन लाईनवर जवळपास येतच नाही, तो पोटातल्या हवेच्या पिशवीवर तरंगत असतो. लाईनवर येते ती त्याची धाव आणि त्याचे झटके. म्हणून आठ-दहा किलोचा कटला मोकळ्या पाण्यात १५ ते २० पौंडाच्या साध्या तंगुसावर आरामात दमवता येतो. २० पौंड म्हणजे साधारण ९ किलो. पण तोच मासा काठाशी आणून रॉडने उचलायला गेलात की पूर्ण वजन लाईनवर येतं, वर तो शेवटची उसळी मारतो, आणि आतापर्यंत दगडांवर घासलेली लाईन तिथे जाते. जाळं नसेल तर मोठ्या माशाच्या मागे जाऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे. लँडिंग नेट आधी पाण्यात बुडवून धरायचं आणि मासा त्यावर ओढून आणायचा, जाळं घेऊन माशाच्या मागे धावायचं नाही.

स्पूलवरचे (लाईन गुंडाळलेल्या रिळावरचे) आकडेही नीट वाचा. एलबी म्हणजे पौंड, आणि ०.४० लिहिलेलं असतं ती मिलिमीटरमधली जाडी, तिचा ४० पौंडाशी काही संबंध नाही. ज्या स्पूलवर ताकदीचा आकडाच नाही तो तंगूस कितीही स्वस्त मिळाला तरी मोठ्या माशासाठी नको.

ड्रॅग, ज्याकडे कुणी बघत नाही

सगळ्यात जास्त मासे इथे जातात आणि दोष मात्र लाईनला मिळतो. बोटाने लाईन ओढून "हां, ठीक वाटतंय" असा ड्रॅग लावतात, तो अंदाज बहुतेक वेळा चुकतो. घरात बॅग मोजायचा डिजिटल लगेज काटा असतो ना, तोच घ्या. लाईन रॉडच्या सगळ्या कड्यांमधून काढा, टोक काट्याला बांधा, काटा कुणाच्या तरी हातात द्या आणि मासा लागल्यावर वाकतो तसा रॉड वाकवून ओढा. रील लाईन सोडायला लागेल तेव्हा काट्यावर लाईनच्या ताकदीच्या साधारण पाव आकडा दिसला पाहिजे. ९ किलोची लाईन असेल तर सव्वादोन किलो. ऐकायला फारच कमी वाटतं, पण सव्वादोन किलोची सततची ओढ तुम्ही स्वतः दहा मिनिटं हातात धरून बघा म्हणजे कळेल मासा का दमतो ते.

आणि पाव आकडाच का, त्याचं कारण स्पूलमध्ये आहे. मासा लांब पळाला की स्पूलवरची लाईन कमी होते, व्यास घटतो, आणि ड्रॅगच्या नॉबला हात न लावताही ड्रॅग जड होत जातो. व्यास निम्मा झाला की ओढ दुप्पट, म्हणजे सव्वादोनचे साडेचार झाले. त्यात प्रवाहात लाईनला पडलेल्या झोळाचा भार वेगळा. नेमकं याच क्षणी मासा पळतोय म्हणून घाबरून नॉब आवळला जातो आणि फट्! मासा लांब गेला तर ड्रॅग उलट किंचित सैल करायचा, रॉड वर धरायचा, काठाकाठाने त्याच्या दिशेने चालत जायचं आणि लाईन परत स्पूलवर घ्यायची.

गाठ

कोरड्या तंगुसाची गाठ झटक्यात आवळली की घासून तापते आणि तिथेच नायलॉन कमजोर पडतो. तोंडात धरून ओली करा, हळू आवळा. साध्या तंगुसाला पाच-सहा वेढ्यांची क्लिंच गाठ चालते, ब्रेडेडला पालोमार गाठ बांधा कारण ब्रेडेड गुळगुळीत असते आणि क्लिंचमधून सरकते. मध्येच लाईनला आपोआप पडलेली साधी गाठ दिसली तर "राहू दे, पुढच्या वेळी बघू" करू नका, अशा गाठीने ताकद निम्म्यावर येऊ शकते. तिथून कापा, पुन्हा बांधा. बांधून झाल्यावर गळ पक्कडीत धरून दोनदा जोर लावून बघा, तुटायचंच असेल तर काठावर तुटू दे.

जागा आणि मासा बघून लाईन घ्या

सगळीकडे एकच लाईन चालत नाही. रोहू, मृगळ दोन-तीन किलोपर्यंतचे आणि पाणी मोकळं असेल तर १० ते १२ पौंडाचा तंगूस पुरतो, त्याहून जाड घेतलात तर हिवाळ्यातल्या स्वच्छ पाण्यात मासे कणकेच्या गोळीला तोंडच लावणार नाहीत. कटल्यासाठी वर सांगितलंच. आपल्याकडच्या नद्यांचा तळ म्हणजे सह्याद्रीचा काळा दगड, त्याच्या कडा धारदार, तिथे मुख्य लाईन २० पौंडाची ठेवून पुढे दोन-तीन हात ३० पौंडाचा जाड लीडर (गळाकडचा जाड तुकडा) जोडा. वाम लागली की ती दगडाच्या कपारीत घुसते, तिथेही हा लीडरच कामाला येतो.

मरळीचं गणित वेगळंय. ती जलपर्णीत, गवतात बसते, लागली की क्षणात खाली जाऊन लाईन गुंडाळते, तिला खेळवत बसायचंच नाही, सरळ वर काढायचं. तिथे ४०-५० पौंडाची ब्रेडेड आणि घट्ट ड्रॅग बरोबर आहे, पण रॉडही तेवढाच दणकट हवा.

ब्रेडेड बारीक असूनही ताकदवान असते, ३० पौंडाची ब्रेडेड साधारण ८ पौंडाच्या तंगुसाएवढी बारीक भरते, म्हणून लोकांना वाटतं सगळीकडे तीच वापरावी. पण ती जवळपास ताणतच नाही. तंगूस ताणतो आणि माशाचा झटका पोटात घेतो, रोहू-कटल्यासारख्या कार्पच्या मऊ तोंडातून गळ फाटून निघत नाही. माझं विचाराल तर सुरुवात करणाऱ्याने रोहू-कटल्यासाठी साधा तंगूसच घ्यावा. ब्रेडेड घेतलीच तर स्पूलवर आधी थोडा तंगूस गुंडाळा, नाहीतर सगळी लाईन स्पूलवर गरगर फिरते आणि वाटतं ड्रॅगच बिघडला. आणि दगडात अडकली तर हाताला गुंडाळून ओढू नका, बोट चिरतं, काठीला गुंडाळा.

उलट बाजूची चूक म्हणजे हलक्या रॉडवर ५०-६० पौंडाची लाईन. रॉडवर लाईनची मर्यादा छापलेली असते, ती ओलांडली की ताण आल्यावर रॉड मोडतो, शिवाय जाड तंगूस स्पूलवर मावतोच कितीसा, मासा एका धावेत स्पूलचा तळ दाखवतो.

धरणा-तलावांत मासेमारीचा ठेका बरेचदा मच्छीमार सोसायटीकडे असतो, आधी विचारून घ्या. ठाण्याचं येऊरचं जंगल संजय गांधी नॅशनल पार्कचा भाग आहे, तिथे गळ टाकूच नका. वलगणीच्या दिवसांत (पावसाच्या सुरुवातीला मासे अंडी घालायला वर चढतात तेव्हा) अंड्यांनी भरलेल्या माशांना मी सोडून देतो, तुम्हीही सोडा अशी मनापासून विनंती.

जुना तंगूस

गॅलरीत उन्हात ठेवलेला रॉड, त्यावरचा मागच्या वर्षीचा तंगूस, आणि डब्यावर २० पौंड. तो आता २० राहिलेला नाही, उन्हाने नायलॉन कमजोर होतो. दर सीझनला बदला, निदान पुढचा वापरातला भाग तरी कापून टाका, आणि प्रत्येक मोठ्या माशानंतर शेवटची चार-पाच हात लाईन बोटांतून ओढून बघा, खरखर लागली की कापा. हे जमणार नसेल तर महाग लाईन घेऊन काही उपयोग नाही. कापलेले तुकडे काठावर टाकू नका, बगळे आणि पाणकावळे त्यात पाय अडकून मरतात. खिशात घालून घरी न्या आणि कात्रीने बारीक बारीक तुकडे करूनच कचऱ्यात टाका.