स्क्लेरोडर्मात बोटांना जखमा होतात? मग या चुका टाळा

ग्वाल्हेरला थंडी पडली की लष्कर भागातून मला फोन सुरू होतात. "ताई, बोटाला चीर पडलीय, कुठलं मलम लावू?" अहो, स्क्लेरोडर्मा म्हणजे कातडी जाड, कडक होत जाण्याचा आजार. त्यात बोटांच्या बारीक रक्तवाहिन्या आतून जाड होऊन अरुंद होतात. गारव्यात त्या आणखी आकसतात, टोकाला रक्त पोचत नाही आणि तिथली कातडी मरते. अशी जखम भरायला आठवडे नाही, कधी कधी महिने लागतात. चार दिवसांत मलम बदलणाऱ्यांना मी आता काही सांगतच नाही.

सगळ्यात चीड येते ती जखम "सुकवायच्या" हट्टाची. दौलतगंजातल्या एका वहिनींच्या तर्जनीच्या टोकावर ज्वारीच्या दाण्याएवढी जखम होती. सासूबाईंनी हळद भरली, दिरांनी स्पिरिट ओतलं, वर कोरडा गॉज करकचून बांधला. रोज सकाळी तो ओढून काढायचा, की भरत आलेली कोवळी कातडी त्याच्यासोबत बाहेर. पुन्हा स्पिरिट! मी पाहिलं तेव्हा जखमेवर गॉजच्या जाळीचा ठसा उठला होता आणि बोट पेरापर्यंत सुजलेलं. पू झाला, भरती व्हावं लागलं, टोक थोडं गेलंच.

मी सलाईनने धुते, वर व्हॅसलिनची न चिकटणारी जाळी आणि सैल पट्टी. चिकटलीच तर सलाईनने भिजवून स्वस्थ बसते, ओढत नाही. टोक काळं, कोरडं पडलं असेल तर मात्र ते भिजवू नका, कापू नका. काळेपणा, पू, वाढती सूज, असह्य ठणका, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

दुसरी चूक म्हणजे सिगडी. बधिर बोटांना चटका कळत नाही, फोड आल्यावरच कळतं. आणि नुसते हात शेकून भागत नाही; अंग गारठलं की हातांच्या रक्तवाहिन्या आवळतातच. मी रजईतच बंडी, कानटोपी, पायमोजे चढवते, मग पाय खाली. हातमोज्यांचा एक जोड फ्रिजच्या दांड्याला लटकलेला असतो, दुधाची पिशवी काढण्यापुरता. मे महिन्यातही. कूलरसमोर बसणाऱ्यांनी हसू नये.

बाकीचं थोडक्यात. विडी-सिगारेट, तंबाखू बंद. यात "कमी केली" चालत नाही. कातडीखालचे चुन्यासारखे खडे सुईने टोकरू नका. सर्दीच्या काही गोळ्या आणि रक्तदाबाची बीटा ब्लॉकर औषधं रक्तवाहिन्या आवळू शकतात, म्हणून आजाराचं नाव केमिस्टला आधी सांगा. रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या निफेडिपिन गोळीने काहींचं डोकं दुखतं, पाय सुजतात. तरी ती परस्पर सोडू नका, डॉक्टरांशी बोला, डोस किंवा गोळी बदलता येते. सिल्डेनाफिल (हो, व्हायग्रातलंच औषध, पण तेही रक्तवाहिन्या सैल करतं) लिहून दिली म्हणून लाजून चिठ्ठी खिशात ठेवणारे महाभागही भेटलेत! आणि गार बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा कमी आला की घर डोक्यावर घेऊ नका. हात गरम करून पुन्हा बघा. धाप लागत असेल तर मात्र आकड्याची वाट न बघता दवाखान्यात जा.