गाडी कमी वेगात गचके देते? पार्ट बदलण्याआधी हे तपासा

मोकळ्या रस्त्यावर छान पळणारी गाडी सिग्नलला थांबली की थरथरते, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गचके देते. बरेच जण मग थेट प्लग बदलून मोकळे होतात. कधी नेम लागतो, पुष्कळदा नाही. क्रमाने तपासलं तर खर्चाआधीच दोष कुठे आहे याचा अंदाज येतो. (हे सगळं फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीबद्दल, डिझेलचं गणित वेगळं.)

आधी ठरवा, थरथर इंजिनाची की चालीची. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि आरपीएमचा काटा बघा. बहुतेक गाड्यांचं आयडलिंग (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असतानाचा वेग) ७०० ते ९०० च्या आसपास स्थिर असतं. काटा स्थिर, सायलेन्सरचा आवाज एकसारखा, तरी केबिन हलतेय? इंजिन माउंटिंगचं रबर फाटलंय का पाहा. गचके फक्त क्लच सोडताना बसत असतील तर संशय क्लचवर. आणि चौथ्या गिअरमध्ये पंचवीसच्या वेगाने गाडी रेटत असाल, तर गाडीला बोल लावू नका, गिअर उतरवा.

काटा खालीवर होतोय, मधेच आवाज तुटतोय, तर दोष इंजिनात आहे. डॅशबोर्डखालच्या ओबीडी (गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोष वाचायच्या) सॉकेटला स्कॅनर लावून कोड वाचा. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग, म्हणजे पेट्रोल नीट न पेटणं, पी०३०२ म्हणजे दुसऱ्यात; पी०३०० आला तर मिसिंग एकाच सिलिंडरपुरतं नाही. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर कमी विषारी करणाऱ्या भागात) जाऊन जळतं आणि तो महागडा भाग निकामी होतो.

एकाच सिलिंडरचा कोड असेल आणि प्रत्येक प्लगला वेगळी कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारा भाग) असेल, तर एक फुकटची चाचणी आहे. इंजिन बंद करून थंड होऊ द्या, त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्या कॉइलशी अदलाबदल करा, कोड पुसा आणि गाडी फिरवून आणा. मिसिंग कॉइलबरोबर सरकलं तर कॉइल गेली. जागेवरच राहिलं तर तसंच प्लगचं करा. प्लग काढलाच आहे तर टोक बघा: फिकट तपकिरी म्हणजे ठीक, कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट म्हणजे इंजिन ऑइल आत येतंय.

कोड एका सिलिंडरचा नसेल, तर माझा पहिला संशय हवेच्या गळतीवर. आयडलिंगला थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) जवळजवळ बंद असतो, मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) व्हॅक्यूम जोरदार असतो आणि इंजिन हवा अगदी थोडी ओढतं. तडकलेल्या पाइपातून शिरणारी जादा हवा तेव्हा मिश्रण पार बिघडवते. वेग वाढला, थ्रॉटल उघडला की तेवढ्याच हवेचा वाटा नगण्य होतो. म्हणून गाडी वेगात सुरळीत चालते. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा, बघा. आयडलिंगला तो अधिक १० टक्क्यांच्या वर आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ येत असेल, तर गळती जवळपास नक्की. इंजिन चालू ठेवून व्हॅक्यूमच्या पाइपांजवळ सूं असा आवाज येतो का ऐका. हात आणि सैल कपडे पंखा-बेल्टपासून लांब. गरम इंजिनावर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते. तो फवारा पेट घेतो, करू नका. गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट (धूर सोडून गळती शोधणं) करून घ्या.

गळती नसेल तर थ्रॉटल बॉडी उघडून बघा. आतल्या झडपेच्या पाकळीच्या कडेला साचलेला कार्बन आयडलिंगची हवा अडवतो. त्यासाठीच मिळणाऱ्या क्लीनरने कापड ओलं करून पुसा. इलेक्ट्रॉनिक पाकळी बोटाने ढकलू नका, आतले गिअर बिघडू शकतात. सफाईनंतर आयडलिंग काही काळ चढं राहिलं तर घाबरू नका. काही गाड्यांत ते स्कॅनरने पुन्हा सेट करावं लागतं. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) उघडा अडकला तरी अशीच लक्षणं दिसतात.

कॉइल आणि प्लग बदलूनही मिसिंग त्याच सिलिंडरला चिकटून राहिलं, तर इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) तपासायला आणि कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणं) करायला मेकॅनिकला सांगा. त्याआधी नवा सेन्सर विकत घेऊ नका.